उत्तरेचे तीन फोटो

आमच्या घरावर स्लॅब पडला त्या वर्षी मी अकरावीला होते. स्लॅबला कठडा नव्हता. कठडा पुढच्या वर्षी करू, असं आप्पा म्हणायचे, आणि ते पुढचं वर्ष चांगलं पाच वर्षं चाललं. कोपऱ्यांतून लोखंडी गज वर आले होते. त्यांना आईनं नायलॉनची दोरी बांधून टाकली होती आणि वर जायला कळकाची शिडी होती. दिवसा त्या स्लॅबवर आईचं राज्य. कुरडया, सांडगे, मिरच्या, बाजरीचं वाळवण, सगळं तिथं. संध्याकाळी वाळवण खाली उतरलं की ती जागा माझी व्हायची. कुणी मला दिली नव्हती, मीच बळकावली होती. घरातली धाकटी असण्याचे काही फायदे असतात, आणि मी ते सोडणाऱ्यातली नव्हते.

आप्पा साखर कारखान्यात फिटर होते. सीझन चालू असला की घरात सगळं कारखान्याच्या भोंग्यावर चालायचं, चहासुद्धा. आई भाकरी थापायला बसली की भोंग्याकडे कान असायचा तिचा. पाटसकडून, म्हणजे कारखान्याकडून, वारा आला तर मळीचा तो आंबूस-गोड वास घरभर पसरायचा आणि दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर काजळीचे बारीक तुकडे येऊन बसायचे. आई त्या काजळीला रोज शिव्या द्यायची, आणि सीझन संपून चिमणी थंड झाली की तीच म्हणायची, "कसं सुनंसुनं वाटतंय गं." मला मात्र सीझन संपला की आनंद व्हायचा. गाड्यांच्या रांगा बंद, धूर बंद, पूर्वेकडचा कारखान्याचा तो पिवळट उजेड कमी, आणि वर आभाळ धुऊन ठेवल्यासारखं. पौर्णिमेला घरात वंदना असायची, खीर असायची, आणि माझ्या कामाला सुट्टी. चांदणं पडलं की तारे काय दिसणार? बाकीचे दिवस माझे.

हे वेड लागलं ते एका कागदामुळं. दौंडला कॉलेजात जाताना एसटीत एका बाईनं शेंगदाणे खाऊन पुडी टाकली, ती मी उचलली. रविवारच्या पुरवणीचा तुकडा होता. त्यावर एक गोल, गोलात ठिपके आणि खाली लिहिलेलं, या महिन्याचं आकाश. मी तो घरी आणला, लोखंडी पेटीवर ठेवून इस्त्री केल्यासारखा सपाट केला आणि रात्री वर घेऊन गेले. महिनाभर मला एक तारा सापडला नाही! नकाशा जमिनीवर ठेवायचा, शाळेत भारताचा नकाशा ठेवतात तसा, वाकून बघायचं, मग मान वर करायची. पूर्वेला म्हणून लिहिलेलं सगळं पश्चिमेला निघायचं. पेपरवाल्यांनीच चुकीचं छापलंय, असं मी ठरवूनही टाकलं होतं. एके दिवशी पाठ दुखली म्हणून आडवी झाले, आणि कागद तोंडासमोर वर धरला. तसा धरल्यावर पूर्व पूर्वेला गेली, पश्चिम पश्चिमेला गेली आणि सिंह राशीचं ते उलटं प्रश्नचिन्ह डोक्यावर जसंच्या तसं. मी मोठ्यांदा "हात्तिच्या!" म्हणाले. खालून आप्पांनी विचारलं, "विंचू हाय का गं?" आज पन्नाशीला टेकले, मुलांना आकाश दाखवते, तर दर वेळी निम्मी मुलं नकाशा जमिनीवर ठेवतात. मी काही बोलत नाही. पाठ दुखू दे थोडी.

बघून समाधान होतंय म्हटल्यावर माणूस तिथंच थांबतो होय? मला फोटो काढायचे होते. कॉलेजच्या वाचनालयात एका पुस्तकात वाचलं होतं की कॅमेरा ध्रुवताऱ्याकडे रोखून बराच वेळ उघडा ठेवला तर तारे आपल्या वाटेच्या रेघा ओढतात. कॅमेरा होता दौंडच्या तांबोळीचाचांकडे. स्टेशनच्या अलीकडे त्यांचा लहानसा फोटो स्टुडिओ, आणि आप्पा नि ते लहानपणी शाळेत एका बाकावर. पासपोर्ट फोटो, लग्नाचे फोटो, मयताचे मोठे करून दिलेले फोटो, ही त्यांची कामं. पण खरं नाव होतं ते हातासाठी. एका केसाचा ब्रश आणि काळी शाई घेऊन ते फोटोवरचे पांढरे डाग, चिरा, ओरखडे असे भरायचे की जिथं डाग होता ती जागा त्यांनाच पुन्हा सापडायची नाही. त्यांच्याकडे एक जुना, जड, बिनसेलाचा कॅमेरा पडून होता. मी मागितला. "कशाचे फोटो काढणार, बेटा?" त्यांनी विचारलं. तारे म्हटलं तर हसतील, असं वाटलं मला. मी म्हणाले, "असंच, घराचे, गावाचे." या एका खोटेपणानं पुढं काय घोळ घातला ते ऐकाच.

कॅमेरा उभा करायला तिकाटणं, म्हणजे तीन पायांचा स्टँड, नव्हतं. बांधकामाची उरलेली वाळू मी एका पिशवीत भरली, घमेलं पालथं घातलं, त्यावर पिशवी, पिशवीत रुतवलेला कॅमेरा, तोंड उत्तरेला. बटण दाबायला एक लांब तार होती. ती दाबून ठेवली तोवर कॅमेरा उघडा, सोडली की बंद. तिचा अडकवायचा स्क्रू तुटलेला होता, म्हणजे चाळीस मिनिटं फोटो काढायचा तर चाळीस मिनिटं अंगठा दाबून बसायचं. डास चावला तर चावू दे. अंगठ्याला मुंग्या यायच्या, मग दुसरा अंगठा हळूच पहिल्याच्या वरून आणायचा. आणि घड्याळ बघायला बॅटरी लागायची. पांढऱ्या उजेडानं डोळे दिपतात म्हणून तिच्यावर मी जयंतीच्या मंडपातला उरलेला लाल जिलेटीनचा कागद रबरानं बांधला होता.

त्या लाल उजेडानंच माझा घात केला. आमच्या समोर लेक मंगलला घेऊन जनाकाकू राहायच्या. बाई मनानं वाईट नव्हती, पण तिच्या पोटात पाणीसुद्धा टिकत नसे. नळावर तिनं विषय काढला. आई हंडा घेऊन परत आली ती हंडा आदळतच.

"रंजे, लाल बत्ती कुणाला दाखवती गं तू?"

"कुणाला म्हणजे? घड्याळाला!"

"जना म्हणती, तुमची पोरगी रोज रातच्याला बत्ती हालवून कुणाला तरी खुणावती. चार बायका फिदीफिदी हासल्या. मला जमिनीत जावंसं वाटलं."

मी हसले. आई हसली नाही. ती चुलीपुढं बसली, परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं आणि मळायचं विसरून तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "शिरूरच्या तुझ्या मावशीच्या कमलचं काय झालं, ठावं हाय ना?" कमल माझी मावसबहीण. दहावीला तालुक्यात पहिल्या पाचांत, पुढं अकरावीला गेली. एसटी स्टँडवर ती कुणाशी तरी बोलत होती, एवढीच बोलवा उठली. खरं होतं की खोटं होतं ते कुणी विचारलंसुद्धा नाही. दोन महिन्यांत तिचं लग्न झालं. तिची पुस्तकं मावशीनं मला पाठवून दिली होती, आणि मी त्याच पुस्तकांवर अकरावी शिकत होते.

"माझा तुझ्यावर इस्वास हाय," आई म्हणाली. "लोकांवर न्हाई. बोलवा वाढली तर तुझी काकामंडळी आप्पांच्या मागं लागत्याल, आन् तुझी दौंडची एसटी बंद हुईल. तवा मला बी काय करता येनार न्हाई. म्हनून सांगते. ते तुझं फोटू का काय ते असंल तर आन. जनाच्या तोंडावर मारते. न्हाई तर उद्यापासनं वर जानं बंद."

मी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी विडी कानामागं खोचली आणि म्हणाले, "ह्ये डिपार्टमेंट तुझ्या आईचं हाय. मी हेल्पर."

तीन फोटो काढून झाले होते, चाचांनी कॅमेऱ्यात घालून दिलेला रोलचा लहानसा तुकडा संपायला आला होता. उरलेल्या दोन-तीनांत मी आईचा, शेळीचा आणि घराचा काढला, म्हणजे माझं खोटं अगदीच खोटं नको, आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा रोलसकट चाचांच्या हवाली केला. चार दिवसांनी या म्हणाले. ते चार दिवस मी वर गेले नाही. खाली पडून छताकडे बघायचे. छताला सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे होते, ते मोजून मोजून पाठ झाले. वर आभाळ स्वच्छ होतं, अमावास्या तोंडावर होती, आणि मी खाली! जीव नुसता तळमळत होता.

पाकीट मिळालं ते मी एसटीतसुद्धा उघडलं नाही. आईसमोरच उघडायचं ठरवलं होतं, तोरा मिरवायचा होता ना. सगळे चुलीपाशी होते. शेंगदाण्याची चटणी कुटलेली, भाकरीचा पापुद्रा टम्म फुगलेला. मी पहिला फोटो काढला. खाली आमचा कडुलिंब, अगदी पानन् पान, आणि वर काळं. दुसरा काढला. काळं. तिसरा. काळं कुळकुळीत, मखमलीसारखं, एक ठिपका शपथेला नाही.

आईनं तिन्ही फोटो हातात घेतले, उलटे केले, सुलटे केले.

"ह्यो कोळसा दाखवू का जनाला?"

आप्पांनी मान वाकडी करून बघितलं. "लाईट गेल्याचा फोटू हाय ह्यो. झ्याक आलाय."

मी रडले. अगदी हुंदके देऊन, नाक वाहीपर्यंत रडले. आप्पांना वाईट वाटलं, त्यांनी शेळीचा फोटो उचलून त्याचं कौतुक सुरू केलं, त्यानं मी आणखीच रडले. आई उठली, बाहेर गेली आणि कळकाची शिडी आडवी करून भिंतीला लावून ठेवली. मला तिचा इतका राग आला होता! आज कळतं, शिडी आडवी करताना तिची पाठ माझ्याकडे होती ती उगीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून मी स्टुडिओत गेले. मला कळायलाच हवं होतं की चुकलं कुठं. अंगठा सुटला होता का? काच वरून झाकलेली राहिली का? चाचा एका नवरदेवाच्या कपाळावरचा देवीचा व्रण मिटवत बसले होते. मला बघून त्यांचा चेहरा पडला. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "बेटा, आप्पांना सांगू नको. गलती माझीच हाय."

"कसली गलती?"

"कॅमेऱ्यात वाळूचा कण निघाला. मी साफ न करता दिला तुला. तुझ्या तीन फोटोंवर वरून खालपर्यंत असे ओरखडे पडले होते, असे गोल गोल. दिल बैठ गया मेरा. तुझा पहिला रोल. मग दोन दिवस बसलो, एकेक ओरखडा भरला. दीड-दोनशे असतील. बघ, दिसतो का एक तरी?" त्यांच्या आवाजात लाज होती आणि थोडा अभिमानही होता.

मी तिथं लाकडी बाकावर बसले. "चाचा," मी म्हणाले, "ते ओरखडे नव्हते. ते तारे होते."

चाचांनी ब्रश खाली ठेवला. चष्मा कपाळावर सरकवला. "तारे ठिपके असतात, बेटा. रेघा नसतात."

"पृथ्वी फिरते ना, चाचा. मी चाळीस मिनिटं बटण दाबून बसले होते."

"चाळीस मिनिटं?" ते म्हणाले. "अगं, माणूस चाळीस सेकंद हलल्याशिवाय बसत नाही माझ्यापुढं." मग एकदम उठले, मागच्या दाराशी जाऊन चाचीला हाक मारली. "ओ सुनती हो! दुकानावर बस. आणि कुणी आलं तर सांग, आज फोटो निघणार नाही." चाची आल्या, प्रकार ऐकला, आणि तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "पोरीचं सगळं आसमान पुसलं तुम्ही!" त्यांनी अंधाऱ्या खोलीचं दार उघडं ठेवून नुसता जाड काळा पडदा ओढला, स्वतः पडद्याशी स्टूल घेऊन बसल्या आणि आम्हाला आत पाठवलं.

आत लाल दिवा होता. माझ्याच बॅटरीसारखा उजेड, पण इथं त्याला कुणी नावं ठेवत नव्हतं. चाचांनी निगेटिव्ह यंत्रात लावली, कोऱ्या कागदावर उजेड टाकला, कागद ट्रेमधल्या औषधाच्या पाण्यात सोडला आणि चिमट्यानं तो हलकेच हलवायला लागले. आधी कडुलिंब आला. मग त्याच्यावर करडं काही तरी दाटत गेलं, आणि त्या करड्यातून एक रेघ, मग दहा, मग सगळीकडून. एका भोवती एक, एका भोवती एक, सगळ्या एकाच बाजूला वळलेल्या. मधोमध कडुलिंबाच्या शेंड्याजवळ एक बारीक ठिपका, जवळपास जागचा न हललेला. चाचा वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "या अल्ला. आणि मी हे भरत बसलो होतो." पुढं त्यांनी ती गोष्ट अख्ख्या दौंडला स्वतःच सांगितली, आणि गिऱ्हाइकानं काही दुरुस्त करायला दिलं की आधी विचारायचे, "बाबा, डागच आहे ना हा? नक्की?"

घरी आले तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. आई निवडलेली मेथी टोपलीत भरत होती. मी फोटो तिच्या मांडीवर ठेवला. तोरा वगैरे सगळा गेला होता. आईनं हात पदराला पुसले, फोटो उजेडाला धरला.

"ह्या रेघा कुनी काढल्या?"

"कुणी नाही. ताऱ्यांनी. म्हणजे आपणच फिरतो, पण..."

"पृथ्वी फिरती ती मला सांगू नगं, मी बी चौथी शिकलीय. ह्ये सांग, ह्याला किती येळ लागला?"

"चाळीस मिनिटं. मी अंगठा काढला असता, तर रेघ तिथंच तुटली असती. बघ ना, एक तरी तुटलीय का?"

आईनं खरंच बघितलं. नखानं एकेक रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तांदूळ निवडताना बघते तशी. मग तिची नजर माझ्या अंगठ्याकडे गेली. तारेच्या बटणानं तिथं घट्टा पडला होता. तिनं तो आपल्या बोटांनी दाबून बघितला.

"म्हंजी येवढा येळ तू एका जागी हुतीस. एकली."

"हो."

आप्पा म्हणाले, "मंग झालं की! जा, दाखीव जनाबाईला. मार तोंडावर."

मी मोठ्या उत्साहानं फोटो पाकिटात घालायला लागले. आईनं तो माझ्या हातातून काढून घेतला. "कशापायी दाखवायचा?" ती म्हणाली. आवाज चढला होता. "माझ्या पोरीनं काय चोरी केलीय? आभाळाकडं बघायला बी आता जनाची परवानगी काढायची का? कमलच्या आईनं बी अशीच लोकांची तोंडं बघितली. मी बी तेच करत हुते." आणि तिचे डोळे एकदम भरून आले. माझ्या आईला मी त्याआधी रडताना एकदाच पाहिलं होतं. ती उठली. बाहेर शिडी उभी केल्याचा आवाज आला.

त्या रात्री जेवणं झाल्यावर आई माझ्यामागून शिडी चढली, नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून. कॅमेरा चाचांनी पुन्हा दिला होता, या वेळी तारे काढायचे म्हणून सांगून घेतलेला, आतून-बाहेरून पुसलेला, वर नवा रोल. मी घमेलं मांडलं, वाळूची पिशवी मांडली. तार हातात घेतली तर आई म्हणाली, "आन इकडं. तुझा अंगठा कोवळा हाय." पंचवीस वर्षं खुरपं धरलेला हात तो. तिनं बटण दाबलं आणि मांडी घालून बसली ती बसली. मी लाल बॅटरी पेटवून घड्याळ बघितलं. कारखान्याचा भोंगा नव्हता, कुठं तरी लांब मालगाडी जात होती. आई मान वर करून बघत होती आणि विचारत होती, ह्यो कोन, त्यो कोन. मी सांगत होते. सप्तर्षी दाखवले तेव्हा म्हणाली, "ही तर बाज हाय, ही चार तारं म्हंजी तिचं चार खूर. आन् ते तीन तिचं चोर." हे माझ्या कागदावर नव्हतं.

समोरचं दार वाजलं. अंगणात जनाकाकू आल्या असाव्यात. अंधारातून आवाज आला, "कोन हाय गं वर? पुन्यांदा बत्ती?"

मी बॅटरी विझवायला गेले, तर आईनं दुसऱ्या हातानं माझं मनगट धरलं. आणि बसल्या जागेवरून, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "मी हाय, जना! मी आन् माझी लेक. तारं बघतोय. तुला बघायचं असंल तर वर ये, शिडी लावलेलीच हाय. आन् तुझ्या मंगलला बी आन, पोरगी घरात बसून बसून पिवळी पडलीया!"

दोन-तीन घरांतली दारं किलकिली झाली असावीत, कारण कुजबुज ऐकू आली, मग ती थांबली. मी आईच्या हाताकडे बघितलं. एवढं ओरडली, पण बटणावरचा अंगठा हलला नव्हता.

"किती झाली गं मिंटं?" तिनं हळूच विचारलं.

"बारा."

"मंग बस गप. अजून लई येळ हाय आपल्याकडं."